शिकवायचं, पण हात लावू द्यायचा नाही

२५ जानेवारी २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन बे भागात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या नियामक मंडळाची बैठक झाली. अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठानं आपल्याच आवारात, म्हणजे ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, खानावळीत नोकरी द्यावी का, हा प्रश्न समोर होता. आदल्या मे महिन्यात याच मंडळानं तत्त्वतः होकार भरला होता. बैठकीआधी काही विद्यार्थी उपोषणालाही बसले होते. प्रत्यक्षात १० विरुद्ध ६ मतांनी विषय वर्षभरासाठी बासनात गेला. विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष मायकेल ड्रेक यांनी कारणं सांगितली ती अशी: विद्यार्थ्यांवर हद्दपारीची पाळी येऊ शकते, त्यांना नेमणाऱ्या कर्मचाऱ्यांवर खटले होऊ शकतात, विद्यापीठाला दंड बसू शकतो, केंद्र सरकारकडून येणारा पैसा आटू शकतो. नोकरी देता येत नसली, तरी अनुभवातून शिकण्यासाठीच्या फेलोशिप वाढवू, असंही आश्वासन त्यासोबत मिळालं.

बातम्यांत मतदान गाजलं आणि फेलोशिपचं आश्वासन तळाशी गेलं. खरं तर लक्ष ठेवायला हवं ते त्या आश्वासनावर. कायदा बदलेपर्यंत या मुलांच्या हाताला काम मिळण्याची तीच एक सरळ वाट आहे, आणि ती पैशांवाचून अडली आहे.

ही मुलं कोण? अनेक जण तीन, पाच, सात वर्षांचे असताना आईबापांचं बोट धरून आलेले. कुणी सीमा ओलांडून आले, कुणी रीतसर विमानानं येऊन व्हिसाची मुदत संपल्यावर राहिले. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत अशी चार लाखांहून अधिक मुलं शिकत असल्याचा अंदाज प्रेसिडेंट्स अलायन्स या विद्यापीठप्रमुखांच्या संघटनेनं मांडला होता. एकट्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ती सुमारे चार हजार आहेत.

त्यांच्या बाबतीत अमेरिकेचा कायदा एका हातानं देतो आणि दुसऱ्या हातानं काढून घेतो. टेक्सासमधल्या टायलर गावच्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ मध्ये 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्यात ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला: शाळेचं दार या मुलांना बंद करता येणार नाही. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलेल्या निकालाचं सूत्र असं, की आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देणं न्यायाला धरून नाही. चारच वर्षांनी, १९८६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीनं दुसरा कायदा आला. कामाचा परवाना नसलेल्याला जाणूनबुजून नोकरीवर ठेवणं त्यानं बेकायदा ठरवलं. शाळेत असेपर्यंत या दोन कायद्यांची गाठ पडत नाही. महाविद्यालयात पडते.

कॅलिफोर्नियानं मधली बरीच दरी बुजवली. राज्यात तीन वर्षं हायस्कूल करून उत्तीर्ण झालेल्यांना २००१ च्या एबी ५४० कायद्यानं राज्यातल्या इतर मुलांइतकीच फी लागू केली. २०११ मध्ये दोन टप्प्यांत 'ड्रीम अ‍ॅक्ट' आला. त्यानं आधी खासगी देणग्यांतून मिळणाऱ्या आणि मग राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्या या मुलांना खुल्या केल्या. २०१२ मध्ये ओबामा सरकारच्या 'डाका' योजनेतून दोन-दोन वर्षांचे कामाचे परवाने मिळू लागले, तेव्हा प्रश्न सुटलाच असं अनेकांना वाटलं. पण अट अशी, की १५ जून २००७ पासून देशात सलग वास्तव्य हवं. आज अठराव्या वर्षी महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्याचा तेव्हा जन्म तरी झाला होता का, इथूनच सुरुवात! शिवाय २०२१ मध्ये टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयानं नवे अर्ज मंजूर करायला मनाई केली.

डाकाच्या आदेशावर सही करणाऱ्या गृहसुरक्षामंत्री जॅनेट नेपोलिटानो २०१३ मध्ये याच विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या. आल्या आल्या त्यांनी या विद्यार्थ्यांसाठी ५० लाख डॉलर बाजूला काढले. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारनं डाका गुंडाळायला घेतल्यावर विद्यापीठ थेट न्यायालयात गेलं आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकलं. एवढा दम दाखवलेली संस्था २०२४ मध्ये आपल्याच ग्रंथालयात आपल्याच विद्यार्थ्याला कामाला बसवायला कचरली.

समजा, लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली, जीवशास्त्र शिकणारी एक मुलगी आहे. दुसऱ्या वर्षाला तिचे प्राध्यापक म्हणतात, उन्हाळ्यात प्रयोगशाळेत ये, तासाप्रमाणे पैसे मिळतील. विद्यापीठाचं कार्यालय आय-९ नावाचा अर्ज पुढं सरकवतं. कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत वरचा भाग तिनं भरायचा, आणि कामाच्या तीन दिवसांत कार्यालयानं मूळ कागद डोळ्यांनी पाहायचे. कागदांच्या तीन याद्या असतात. पहिलीत अमेरिकी पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड. ते नसेल तर दुसऱ्या यादीतून ओळखीचा एक कागद आणि तिसरीतून काम करण्याच्या हक्काचा एक. वाहनपरवाना तिच्या पर्समध्ये आहे. कॅलिफोर्निया २०१५ पासून तो कागदपत्रं नसलेल्यांनाही देते. पण तिसऱ्या यादीसाठी सोशल सिक्युरिटी कार्डासारखं काहीतरी लागतं आणि तिथं घोडं पेंड खातं. प्राध्यापकांना ती हवी आहे, अनुदानात पैसे आहेत, बाकावर जागा आहे. तरी हातमोजे दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात जातात.

केंद्र सरकारच्या योजनांकडे वळावं, तर तिथंही कुलूप. १९६४ पासून चालत आलेल्या 'वर्क-स्टडी'मधून असंख्य अमेरिकी मुलं कॉलेजातच काम करून खर्च भागवतात. ती या मुलीला लागू नाही. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आरईयू कार्यक्रमात पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात आठ-दहा आठवडे दुसऱ्या विद्यापीठात राहून संशोधन करता येतं, वर विद्यावेतन मिळतं. तिथंही नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. उरतं फुकटचं काम. तेही ती करेल, पण उन्हाळ्यात आईबरोबर घरं साफ करायला जाऊन जे चार डॉलर घरात येतात, ते कुणी भरून द्यायचे? समाजकार्याच्या पदवीला क्षेत्रकार्याचे शेकडो तास सक्तीचे असतात, शिक्षक होणाऱ्याला वर्गावर पाठ घ्यावेच लागतात. बिनपगारी अनुभव हा सुखवस्तू घरांतल्या मुलांचा मक्ता झाला आहे, ही तक्रार अमेरिकी नागरिक असलेली गरीब मुलंही करतात आणि ती खरी आहे. फरक इतकाच, की त्यांच्यासाठी निदान वर्क-स्टडीचा आधार आहे.

मराठी वाचकाला यातली विसंगती चटकन जाणवेल. पुण्याहून किंवा नागपूरहून एमएस करायला गेलेला मुलगा एफ-१ व्हिसावर असतो. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास त्याला आवारात काम करता येतं, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कंपनीत इंटर्नशिप करता येते, पदवीनंतर १२ महिने ओपीटी या कामाच्या परवानगीवर आणि विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर आणखी २४ महिने नोकरी करता येते. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली, त्यामागे या सवलतीचा वाटा मोठा. (ती कधी काढून घेतील याची धास्ती आता पुण्या-नागपुरातही आहेच.) त्याच बाकावर शेजारी बसलेल्या, बालवाडीपासून अमेरिकेतच शिकलेल्या मुलीला मात्र ग्रंथालयातली पुस्तकं मांडणीवर लावण्याचेही पैसे घेता येत नाहीत.

आणि 'कमवा आणि शिका' ही कल्पना महाराष्ट्राला कुणी समजावून सांगायला नको. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाला शिक्षणाच्या मांडीला मांडी लावून बसवलं. साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात ती पद्धत १९४७ मध्ये उच्च शिक्षणातही आली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आजही कर्मवीरांच्या नावानं ही योजना चालवतं. खेड्यातून आलेलं पोर तासाचे पैसे मिळतात म्हणून शहरात टिकतं, एवढं साधं गणित त्यात आहे.

फेलोशिप कायद्यात बसते ती अशी. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेलं काम म्हणजे नोकरी. फेलोशिप ही विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी दिलेली आर्थिक मदत. तिच्या बदल्यात संस्थेची कामं उरकून द्यायची नसतात, म्हणून आय-९ लागत नाही. रेष बारीक आहे, आणि विद्यापीठांच्या वकिलांना ती स्वप्नातही दिसते. त्यामुळे नीट आखलेल्या योजनेत काय शिकायचं ते लेखी ठरतं, मार्गदर्शक नेमला जातो, पैसे पगारपत्रकातून न जाता आर्थिक मदत खात्यातून जातात. आणि मुख्य म्हणजे ती मुलगी एखादा दिवस आली नाही म्हणून प्रयोगशाळेचं काम अडत नाही.

असं करता येतं याचे दाखले आहेत. यूसीएलए, म्हणजे याच विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेच्या लेबर सेंटरनं २०११ मध्ये 'ड्रीम समर' सुरू केलं. दहा आठवडे विद्यार्थ्यानं एखाद्या सामाजिक संस्थेत राबायचं, शिकायचं आणि विद्यावेतन घ्यायचं. डाका येण्याच्याही आधीची ही गोष्ट. सरकारी पातळीवर कॅलिफोर्नियाची ड्रीम अ‍ॅक्ट सेवा अनुदान योजना आहे. सत्रात १५० तास समाजसेवा केली की २,२५० डॉलर, वर्षाला जास्तीत जास्त ४,५००. हिशेब केला तर तासाला १५ डॉलर पडतात, आणि २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातलं किमान वेतन होतं १६.५० डॉलर. म्हणजे सरकार या मुलांना हॅम्बर्गरच्या दुकानापेक्षाही कमी देतं. शिवाय ही मदत फार तर २,५०० जणांपुरती, तीही विशिष्ट शिष्यवृत्ती असलेल्यांना.

त्या मानानं राज्याचंच, २०२२ मध्ये सुरू झालेलं 'कॉलेज कोअर' बरंच सरस. वर्षभरात ४५० तास, बदल्यात १०,००० डॉलर; त्यातले ७,००० दरम्यान आणि ३,००० पूर्ण झाल्यावर. शाळेत मुलांना शिकवणं, अन्नपेढी चालवणं, हवामानबदलाशी संबंधित कामं अशी त्याची क्षेत्रं आहेत. नागरिक मुलं आणि एबी ५४० ची मुलं यात एकाच गणवेशात, एकाच दरानं काम करतात. तासाला बावीस डॉलरांच्या वर पडतात. या मुलांसाठी निराळा दरवाजा काढण्यापेक्षा सगळ्यांसाठीच्या दरवाजाची चौकट रुंद केली, हे या योजनेचं खरं शहाणपण. वेगळ्या रांगेत उभं केलं की कोण कोण आहे ते लगेच दिसतं, आणि दिसणं हीच या मुलांची मोठी भीती आहे.

ही भीती हवेतली नाही. २००१ मध्ये अशा मुलांना राज्याची फी लागू करणारं पहिलं राज्य होतं टेक्सास, आणि त्या कायद्यावर सही होती रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांची. जून २०२५ मध्ये केंद्रानं त्यावर खटला भरला, टेक्सास सरकारनं त्याच दिवशी मान तुकवली आणि चोवीस वर्षांचा कायदा एका दिवसात गेला. फ्लोरिडानं त्याच वर्षी आपली सवलत रद्द केली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी करखात्यानं स्थलांतर खात्याला माहिती देण्याचा करार केला. आजवर या मुलांना सल्ला दिला जायचा, की सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला तरी वेगळा करक्रमांक घे, फेलोशिपच्या पैशावरचा कर भर, सगळं नियमात ठेव. नियमात राहणाऱ्याचाच पत्ता आता सरकारच्या हाती जाणार असेल, तर अर्ज कोण करेल? म्हणून निधी देणाऱ्यानं अर्जात लागेल तेवढीच माहिती विचारावी. वास्तव्याचा दर्जा विचारण्याची बहुधा गरजच नसते. गरिबी आणि गुणवत्ता पुरते.

दुसरा धोका आतून येतो. विद्यावेतन द्यायचं, काम पूर्ण वेळाचं करून घ्यायचं आणि हक्क काहीच द्यायचे नाहीत, हा खेळ भारतालाही ओळखीचा आहे. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याच्या १८ व्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रात आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणाप्रमाणे महिना ६ ते १० हजार रुपये मिळाले. सरकारी कार्यालयांत टेबल सांभाळून, मुदत संपल्यावर घरी बसलेल्या प्रशिक्षणार्थींनी मग कायम करण्यासाठी आंदोलनं केली. अमेरिकेतल्या फेलोशिपमध्येही हीच गोम आहे. कागदपत्रं नसलेली मुलगी तक्रार कुणाकडे करणार? प्रयोगशाळेनं तिला भांडी घासायला लावली, तर ती गप्प बसेल. तेव्हा पैशाच्या जोडीला त्रयस्थ देखरेख हवीच. ती नसेल तर फेलोशिप म्हणजे स्वस्त मजुरीला लावलेला चकचकीत कागद.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा असा: पदवी घेतली, अनुभव घेतला, तरी पुढं नोकरी देता येणार नाही, मग करदात्याचा पैसा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण पुढं काहीच नसतं, हे खरं नाही. सर्जिओ गार्सिया हे कागदपत्रं नसतानाच वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. जानेवारी २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सनद दिली. त्याच वर्षी राज्यानं कायदा करून व्यावसायिक परवाने वास्तव्याच्या दर्जाशी न जोडण्याचं ठरवलं. स्वतःचा व्यवसाय काढणाऱ्याला स्वतःसाठी आय-९ भरावा लागत नाही. काहींना पुढं लग्नातून किंवा अन्य मार्गानं ग्रीन कार्ड मिळतं. त्या दिवशी हातात नुसती पदवी असणं आणि पदवीसोबत दोन उन्हाळ्यांचं काम असणं, यात दहा वर्षांच्या कारकिर्दीचं अंतर पडतं. शिवाय राज्यानं या मुलांवर शाळेपासून पैसा ओतलाय. शेवटच्या टप्प्यावर हात आखडता घेतला, तर आधीचा खर्चही बऱ्याच अंशी पाण्यात जातो.

नोकरीचा मूळ प्रश्नही अजून मिटलेला नाही. १९८६ च्या कायद्यात राज्य सरकारांचा उल्लेख नाही, त्यामुळे राज्याचं विद्यापीठ त्याला बांधील नाही, असा युक्तिवाद यूसीएलएच्या कायदेतज्ज्ञांनी २०२२ मध्ये मांडला. नोकरीची दारं उघडणारं विधेयक विधिमंडळानं मंजूर केलं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयानं विद्यापीठाचं धोरण भेदभाव करणारं असल्याचं सांगून फेरविचार करायला लावलं. न्यायालयाच्या तारखा पडत राहतील. पदवीची वर्षं चारच असतात.

हा विषय फक्त मेक्सिकोतून आलेल्यांचा आहे, अशी आपल्याकडे समजूत दिसते. प्यू संशोधन संस्थेनं २०२२ साठी अमेरिकेतल्या बिनकागदपत्रांच्या भारतीयांचा अंदाज सव्वासात लाख काढला, तर अमेरिकी गृहसुरक्षा खात्याचा आकडा २ लाख २० हजारांचा आहे. आकड्यांत एवढी तफावत असली, तरी माणसं आहेत हे दोघांनाही मान्य. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानातल्या १०४ जणांत तिघे महाराष्ट्रातले होते. याखेरीज एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांची मुलं आहेत. रांगेत ग्रीन कार्ड अडकलेलं, आणि वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की आईबापांच्या व्हिसावरचा हक्क संपतो. तोवर एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर त्यांनाही पगारी इंटर्नशिप करता येत नाही. डाका त्यांना कधीच लागू नव्हती, कारण ही मुलं रीतसर व्हिसावर होती! न्यू जर्सी आणि टेक्सासमधल्या कितीतरी मराठी घरांत हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर रोज बसलेला असतो.

पैसा किती लागेल? युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियातल्या चारही हजार मुलांना कॉलेज कोअरच्या दरानं वर्षाला १०,००० डॉलर द्यायचे ठरवले, तरी चार कोटी डॉलर होतात. विद्यापीठाचा वार्षिक अर्थसंकल्प ५,००० कोटी डॉलरच्या वर आहे, म्हणजे हजार डॉलरमागे एक डॉलरही नाही. प्रत्यक्षात सगळ्यांना दरवर्षी लागणारही नाहीत. केंद्राचा पैसा यात मिसळता येत नाही, तेव्हा ही रक्कम राज्याच्या आणि देणगीदारांच्या पैशातूनच उभी करावी लागेल.

देणगीदारांत मराठी माणसंही आहेत. महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून आणि बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उत्तर अमेरिकेत उभं आहे; आपल्या जुन्या विद्यापीठाला देणगी देणारे इंजिनिअर आणि डॉक्टर तर गावोगाव आहेत. अशा देणगीतून निघणाऱ्या इंटर्नशिप निधीच्या नियमावलीत 'अर्जदार नागरिक किंवा कायम रहिवासी असावा' ही ओळ बरेचदा जुन्या नमुन्यावरून तशीच उतरवलेली असते. खासगी देणगीवर ही अट घालायला कायदा सांगत नाही. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांतून वाटल्या जाणाऱ्या अशा शिष्यवृत्त्या १ जानेवारी २०१२ पासून एबी ५४० च्या मुलांना खुल्याच आहेत. देणगीपत्रावर सही करण्याआधी ती ओळ वाचून खोडायची, आणि जागी 'आर्थिक गरज' असं लिहायचं. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही.